लाल मान आणि अर्धे ताट

अमेरिकेत गरीब, ग्रामीण गोऱ्या माणसाला हिणवायला ‘रेडनेक’, म्हणजे लाल मानेचा, असा शब्द वापरतात. उन्हात राबून रापलेली मान, हा त्याचा सर्वमान्य अर्थ. मात्र त्यामागे पेलाग्रा या आजाराचाही हात असावा, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण विचार करायला लावणारा नक्कीच आहे.

पेलाग्रा होतो नायसिन, म्हणजे ‘ब-३’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. ऊन लागेल तिथली त्वचा आधी लाल, मग काळसर आणि खरखरीत होते. मानेभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. जुलाब लागतात, अंगातले त्राण जाते, पुढे बुद्धिभ्रम होतो. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत या आजाराने थैमान घातले. गरिबांचे जेवण म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. मक्यातले नायसिन शरीराला सहजी मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते मोकळे होते. दक्षिणेतल्या गरिबांच्या मक्याच्या पिठावर मात्र ही प्रक्रिया होत नसे. आजार संसर्गजन्य असल्याची समजूत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी खोडून काढली. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगात स्वेच्छेने मक्याच्या आहारावर राहिलेल्या ११ कैद्यांपैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. उलट अनाथाश्रमांतली मुले दूध, अंडी, मांस मिळताच बरी झाली. तरीही ‘आमच्याकडे उपासमार आहे’ हे मान्य करणे तिथल्या पुढाऱ्यांना जड गेले. आळशी, अडाणी म्हणून गरिबांनाच नावे ठेवणे सोपे होते.

हे दूरचे वाटेल, पण दख्खनमध्येही केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळला. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. दोष भाकरीचा नव्हे, तिच्यासोबत काही नसण्याचा. जोडीला वरण, दूध, मूठभर शेंगदाणे असले की हा आजार सहसा फिरकत नाही. आज तो प्रामुख्याने दारूच्या आहारी गेलेल्यांत दिसतो. आणि त्यांनाही आधी मिळते ती शिवी, उपचार नंतर.

सुस्त, विसरभोळ्या, काळवंडलेल्या माणसाला नाव ठेवण्याआधी एक प्रश्न विचारावा: याच्या ताटात काय असते?