फोटो काढा, पण वाटाड्या सोबत घ्या!

सुप्याच्या मित्रांनो, रविवारी फोटोवॉकचा प्लॅन ठरतोय? मग लांब कशाला, आपल्याच पारनेर तालुक्यातलं निघोज गाठा. कुकडीच्या पुरात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा बेसॉल्ट कोरून तिथे रांजणखळगे घडवलेत. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्या काठांवर पडलं, की साध्या मोबाइलवरही भारी फ्रेम मिळते.

फक्त एक करा. गावातला जाणकार माणूस सोबत घ्या. ‘रील बघून जाऊ की, गाइड कशाला?’ असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर! आज तिथे अधिकृत गाइडशिवाय आत जाता येत नाही.

आपल्या कुकडीचंही तेच. जुन्नरकडे जोराचा पाऊस झाला किंवा वरच्या धरणातून पाणी सोडलं, की निघोजला ऊन असतानाही पात्र चढू शकतं. हे गावकऱ्याला कळतं, मॅपला नाही. त्याला दोनशे-तीनशे रुपये देताना घासाघीस करू नका. तो ‘आता मागे फिरा’ म्हणाला, तर कॅमेरा बंद करा आणि फिरा. खळगे पुढच्या रविवारीही तिथेच असतील. तुम्हीही असायला हवं.