अठरा इंची गैरसमज

मीरा रोडच्या नव्या टॉवरांच्या पार्किंगमध्ये हल्ली अधूनमधून एखादा पिकअप ट्रक उभा दिसतो. हायलक्स, नाहीतर व्ही-क्रॉस. मागचा हौदा चकाचक, त्यात आजवर पडलेला सगळ्यात जड माल म्हणजे महिन्याचं किराणा सामान. मालकाला विचारा, बाबा रे, एवढं धूड कशाला? उत्तर ठरलेलं असतं. "अरे, आपले रस्ते बघ की! मोठी चाकं असली की खड्डा कळतसुद्धा नाही." आणि लगेच पुढचा बेत: कंपनीचे १८ इंची रिम काढून २० इंची अलॉय टाकायचे. म्हणजे अजून आराम!

मंडळी, हे साफ चूक आहे. आणि चूक कुठे आहे हे कळायला इंजिनीयर असायची गरज नाही, सातवीचं गणित पुरे.

टायरवर छापलेलं असतं, समजा, २६५/६५ आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हायलक्स जगभरात या मापात मिळते आणि २६५/६० आर १८ मध्येही. आता गुणाकार करा. १७ इंची रिमवर टायरची भिंत १७२ मिलिमीटर, १८ इंचीवर १५९. आणि हौसेने २६५/५० आर २० टाकलात तर साधारण १३२. गंमत म्हणजे तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास तोच, ७७५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक मोठं झालंच नाही! धातू वाढला आणि रबर-हवा चार सेंटिमीटरने कमी झाली. वर त्याचे जादा पैसे मोजले ते वेगळेच.

आता खड्ड्यात आधी काय दबतं? टायरमधली हवा. ती उशी पातळ केली की धक्का रिमला, रिमवरून शॉकअपला आणि तिथून तुमच्या मणक्याला. त्यात मोठा रिम बहुतेक वेळा जडही असतो, आणि चाक जितकं जड तितका सस्पेन्शनला त्याला आवरायला त्रास. मग एके दिवशी टायरला फुगा येतो किंवा अलॉय वाकतो, आणि शिव्या खातो टायरवाला.

मोठ्या चाकाचा फायदा नसतोच का? असतो ना. बाहेरचा व्यास खरोखर मोठा असेल तर चाक छोट्या खड्ड्यात कमी उतरतं. पण निव्वळ मोठेपणात आराम असता तर जुनी लाकडी बैलगाडी सगळ्यात सुखाची म्हणायला हवी होती. केवढं ते चाक! पण हाडं खिळखिळी व्हायची, कारण चाकावर लोखंडी धाव आणि हवा शून्य. ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीचं चाक त्याहून कितीतरी लहान, पण चाल मऊ. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर केला तो मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून. आपण सव्वाशेहून जास्त वर्षांनी पैसे देऊन ती हवा कमी करून घेतोय. धन्य!

पिकअपची आणखी एक मेख आहे. मागचे पाटे माल वाहायला बनवलेले असतात, त्यामुळे हौदा रिकामा असला की गाडी मागून उडते. ते रिमने सुटत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर टायरच्या हवेचे आकडे असतात, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी बरेचदा वेगवेगळे. तेवढं पाळा. फुकट आहे.

आता खऱ्या पिकअपवाल्याकडे बघू. टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ साली आला तो १२ इंची रिमवर. टायरसकट चाक अर्ध्या मीटरहून थोडंच मोठं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून स्टीलची भांडी आणि असा कितीतरी माल असल्याच गाड्यांतून जातो. काशिमीऱ्याचा नाका किंवा पावसाळ्यातला गायमुख घाट या चाकावर बसून पार करून बघा. ज्या खड्ड्यावरून हायलक्स डुलत जाते, त्यात हे चाक उतरतं. आणि तो माणूस हे रोज करतो, दिवसातून अनेक खेपा. त्याला अपग्रेडचा पर्याय कुणी देत नाही.

माझा राग खरा इथे आहे. पाणी खराब, तर आपण फिल्टर घेतला. वीज जाते, तर इन्व्हर्टर. आता रस्ता खराब म्हणून २० इंची अलॉय! प्रत्येक सार्वजनिक दुखण्यावर खाजगी मलम, आणि मग पालिकेला विचारायला कुणी उरतच नाही. फिल्टरने निदान पाणी तरी स्वच्छ होतं. इथे तर मलमच दुखणं वाढवतंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे खड्डा हे नशीब नाही, कुणाची तरी जबाबदारी आहे, हे कोर्टाला मान्य आहे. आपल्याला कधी होणार?

तेव्हा शोरूममध्ये रिम किती इंची हे विचारू नका, टायरची भिंत किती हे विचारा. लहान रिमचं व्हेरियंट मिळत असेल तर तेच घ्या. वाचलेल्या पैशांत अलॉय घेऊ नका, आणि वाचलेल्या वेळात वॉर्डातल्या खड्ड्याची एक लेखी तक्रार करा. खड्डा बुजला तर तुमच्या १७ इंचीला आराम मिळेल आणि छोट्या हत्तीच्या १२ इंचीलाही.