जंतांची अंडी कोण मोजणार?

पावसाळा सरत आला की उरण-पेणकडच्या वाचकांच्या पत्रांचा सूर ठरलेला: कोंबड्यांना वनस्पतिजन्य जंतनाशक पाण्यातून दिले, बिल भरले, फरक शून्य. म्हणून सगळे अर्क कुचकामी ठरत नाहीत. वावडिंगातील एम्बेलिन, कुड्याच्या सालीतील कोनेसिन, ओव्यातील थायमॉल यांची परजीवींवरची क्रिया प्रयोगशाळेत दिसलेली आहे. अडचण बाटलीवर जे लिहिलेले नसते त्याची आहे. न्हावा शेवा बंदरात अर्काचा ड्रम नुसता अर्क म्हणून आला तर सीमाशुल्काचे शीर्षक १३०२, पशुखाद्यातील मिश्रण म्हणून २३०९, डोस बांधलेले औषध म्हणून ३००४. या आकड्यांवर वाद घालायला सगळे तयार. सक्रिय घटक किती टक्के आणि तो कोणत्या जंतावर चालतो, हा प्रश्न मात्र कुणाचाच नाही. खाद्यपूरक म्हटले की औषध परवान्याची कटकट टळते. मग लेबलवर ‘पचन सुधारते’ आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘जंत पडतात’!

आपले पाळणाऱ्यांचेही चुकतेच. अस्कॅरिडिया या कोंबडीच्या गोलकृमीची मादी अंडी घालू लागायला पाच ते आठ आठवडे लागतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत गाडीत चढतो. ताज्या तुसावरच्या बॅचला जंताचा अर्क पाजून काय साधणार? तिथे खरी धास्ती ओल्या लिटरमधल्या कॉक्सीची (कॉक्सिडियाची), जिचे चक्र आठवडाभरात पुरे होते. आणि कॉक्सी म्हणजे कृमी नव्हे, एकपेशीय जीव. जंतनाशकाची गरज लेयरला आणि परसातल्या गावठी कोंबड्यांना, जिथे विक्रेता सहसा फिरकत नाही. रासायनिक औषधांना प्रतिकार वाढतो, अवशेष राहतात, हा आक्षेप रास्त आहे. पण वनस्पती म्हणजे निर्धोक, हे त्यातून निघत नाही. श्रीवर्धनच्या सुपारीतले अरेकोलिन पट्टकृमी पाडते, आणि डोस चुकला तर जनावरही.

तेव्हा पुढच्या खरेदीआधी लॉटनिहाय सक्रिय घटकाचे प्रमाण लेखी मागा; न मिळाल्यास बाटली परत करा. काही पक्षी औषधाविना वेगळे ठेवा. डोसआधी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी दोन्ही गटांच्या ताज्या विष्ठेतील अंडी मोजून घ्या. कॉक्सीसाठी सीकम (आंधळे आतडे) उघडून आतल्या जखमांना ० ते ४ गुण द्या. मोजणीसाठी, अटल सेतू झाल्यापासून उरणहून परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब राहिलेले नाही. नमुना बर्फाच्या डब्यात न्या, गोठवू मात्र नका. आकडे आमच्याकडे पाठवा, फसलेल्या प्रयोगांचे आधी.