चिकट्यातला जिवाणू आणि आपले पाकीट

जिवाणूचे नाव काही का असेना, आपल्याला टनेजाशी मतलब, असे बरेच सभासद बोलून दाखवतात. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

उसाचे वाळके पान ओढून काढले की पेराशी गुलाबी, अंगावर पांढरी पिठी असलेला किडा दिसतो. हाच पिठ्या ढेकूण. दिवसभर उसाचा रस ओढायचा आणि जास्तीची साखर विष्ठेवाटे टाकून द्यायची, हा त्याचा धंदा. ती विष्ठा म्हणजेच चिकटा. मुंगळे उसावर चढतात ते तिच्या लोभाने, आणि काळी बुरशी धरते तीही तिच्यावरच. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा पाने कशी काळी पडली, हे सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना सांगायला नको.

अशा गोड, ओलसर जागी साखरेचे आम्ल करणारे जिवाणू राहतात, व्हिनेगर करणाऱ्यांच्या जातकुळीतले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनी हा किडा आणि तो राहतो ती पानाची खोळ तपासली. मिळालेले काही जिवाणू ओळखीच्या कोणत्याच जातीत बसेनात. मग त्यांचा डीएनए जवळच्या जातींशी ताडून पाहिला, गुणधर्म तपासले, आणि १९९९ साली ग्लुकोनासिटोबॅक्टर सॅकॅरी ही नवी जात जाहीर झाली.

तिचा जवळचा भाऊबंद आपल्या परिचयाचा आहे. १९८८ साली ब्राझीलमध्ये डॉ. योहाना डोबरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो उसात शोधला. उसाच्या आत राहून हवेतला नत्र धरणारा हा जिवाणू आपण अॅसिटोबॅक्टर म्हणून विकत घेतो. दोघेही साखरेवर पोसतात, दोघेही आम्ल करतात, सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही आखूड काड्याच. पण नवा भाऊबंद नत्र धरत नाही! एका खोळीत राहणारे दोघे, एक कमावता, दुसरा नुसता जेवणारा.

आता आपल्या बेणेप्रक्रियेकडे या. हेक्टरी १० किलो अॅसिटोबॅक्टर, सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, १०० लिटर पाणी, टिपरी अर्धा तास बुडवायची, आणि नत्र खत निम्मे करायचे, ही शिफारस. शिफारस चांगली आहे. पण पाकिटात भलताच जिवाणू असला, किंवा गोदामाच्या पत्र्याखाली तापून मेलेला असला, तर? युरिया आपण निम्मा केलेला, ऊस पिवळा, आणि दोष मात्र जमिनीला.

जैविक खते २००६ सालापासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत, हे खरे. पण पाकिटावरचा आकडा आपल्यापैकी कोण मोजून पाहतो? माझे म्हणणे, शेतकी खात्याने उधारीवर वाटप करण्याआधी प्रत्येक खेपेचा नमुना काढावा. नत्र नसलेल्या, साखर घातलेल्या निमपातळ खाद्यात तो वाढवून पाहायला फार खर्च नाही. असली माल असेल तर वर पिवळसर साय धरते. सायीवरून जातीची पक्की ओळख पटत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी नमुना मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे पाठवावा आणि अहवाल गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा.

येत्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. तोपर्यंत न तपासलेल्या पाकिटाची रक्कम सभासदांच्या ऊसबिलातून कापू नये.