झाडू आणि नियम

नातीच्या आग्रहामुळे 'हॅरी पॉटर आणि परीस' दुसऱ्यांदा वाचले. क्विडिचवर टीका करणारे नेहमी गुणांवर बोट ठेवतात. एक गोल केला की 10 गुण आणि स्निच पकडला की एकदम 150! मग बाकीच्या सहा जणांनी घाम गाळायचा कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण माझी तक्रार वेगळी आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा झाडू ठेवायला बंदी. हात मोडलेल्या नेव्हिलला दवाखान्यात नेताना हूच बाई बजावून जातात, कुणी उडायचे नाही. हॅरी उडतो. शिक्षा काय? मॅकगोनागल बाई त्याला थेट संघात घेतात, वर कोरा करकरीत निम्बस 2000! का? तर आदल्या वर्षी त्यांचा संघ स्लिदरिनकडून हरला होता.

नात म्हणाली, "आजोबा, तो नेव्हिलची वस्तू परत आणायला गेला होता." मान्य. शिक्षा माफ करा. बक्षीस कशाला?

मी एवढा चिडतो, कारण मीही एकदा कबड्डीच्या ढालीसाठी एका पोराची खोटी हजेरी मांडली होती. ढाल आली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, माझीपण मांडाल?" मला उत्तर देता आले नाही.

गंमत म्हणजे, त्या वर्षीचा हाउस चषक क्विडिचमुळे मिळतच नाही. मित्रांना अडवणाऱ्या नेव्हिलच्या 10 गुणांनी मिळतो. मॅकगोनागल बाईंनी हे ध्यानात घ्यावे. मीही उशिराच घेतले.