आधी कॅसेट ऐका

धाराशिवच्या लग्नसराईत एके काळी आमची बेंजो पार्टी वाजायची. बेंजो, कॅसिओ, ढोलकी, ताशा, खुळखुळा आणि भाड्याचा कर्णा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्या भाविकांसाठीही वाजवलं, बिदागी न घेता. त्या काळातल्या कॅसेटी परवा लावल्या.

पहिली शंका लयीची आली. एवढं जलद वाजवायचो आपण? मग उलगडा झाला. रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असत, फीत हळू फिरे. तीच आज पूर्ण वेगाने फिरली की गाणं पळतं आणि पट्टीही चढते. तारुण्य होतं त्याहून चपळ ऐकू येतं!

खुळखुळा मात्र ऐकूच येईना. जुन्या फितीवरचे बारीक, उंच आवाज विरत जातात. वयाबरोबर कानही आधी तेच गमावतो. दोष कुणाचा हे ठरवायला घरातल्या शाळकरी पोराला बसवलं. त्याला खुळखुळा स्वच्छ ऐकू आला. वर त्याने विचारलं, "हा बेंजोवाला सारखा ढोलकीच्या पुढं का पळतोय?"

बेंजो म्हणजे जपानमध्ये १९१२ साली जन्मलेल्या ताईशोगोतोचं आपल्याकडचं भावंड. त्याच्या टाइपरायटरसारख्या बटणांवर आता बोटं आखडतात, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. तेव्हाची घाई जास्त टोचली.

'आमच्या काळी' हा सूर या अंकात नको होता. म्हणून जिल्ह्यातल्या जुन्या वादकांना मुलाखतीआधी एकच अट घातली: आधी स्वतःची कॅसेट ऐका. काहींनी मुलाखतच नाकारली.