शापाच्या आड लपलेला खलिफा

नववीतल्या एका विद्यार्थिनीने मला रेने आहदिए यांची ‘द रॅथ अँड द डॉन’ (२०१५) ही इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. ‘अलिफ लैला’वर बेतलेली. खुरासानचा तरुण खलिफा खालिद रोज नवी नवरी आणतो आणि पहाटे तिचा जीव घेतो. शिवा या मैत्रिणीचा सूड घ्यायला शहरजाद स्वतःहून त्याच्याशी निकाह लावते आणि त्याच्याच प्रेमात पडते.

“सर, त्याचा नाइलाज होता. शाप होता ना!” विद्यार्थिनी म्हणाली.

माझी हरकत नेमकी इथेच आहे. मूळ कथेतल्या शहरयार बादशहावर कसलाही शाप नाही. गुन्हा त्याचा, सुधारायचेही त्यालाच. त्यासाठी शहरजाद हजार रात्री गोष्टी सांगते. कादंबरीत गोष्टी थोडक्यात आटोपतात आणि सगळा दोष शाप उचलतो.

‘त्याचा नाइलाज होता’ हे वाक्य आपल्या घरांतही मुलींना ऐकवले जाते. कधी राग, कधी नोकरीचा ताण. शापाचे नाव तेवढे बदलते.

कादंबरी मुलींना जरूर वाचू द्या, शहरजाद धीट आहे. फक्त नंतर एवढे विचारा: शिवाच्या घरच्यांनी खालिदला माफ करावे का? माझी विद्यार्थिनी अजून विचार करते आहे.